मदत हवी आहे: सर्व्हरची नेटवर्क लिंक मधूनच पडते, परत येते ती १०० वर

सर्व्हर उबुंटू २२.०४ वर आहे. लिंक दिवसातून कधीही २-३ सेकंद पडते आणि परत येते ती बऱ्याचदा १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर. इथटूलमध्ये (नेटवर्क कार्डची आकडेवारी दाखवणारी कमांड) सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढतायत, म्हणजे दोष तारेत किंवा हार्डवेअरमध्ये आहे, डुप्लिकेट आयपीचा (दोन मशिनना एकच पत्ता) प्रश्नच नाही. १०० ला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोन जोड्या (नारिंगी, हिरवी) पुरतात, १००० ला चारही लागतात. त्यामुळे संशय निळ्या किंवा तपकिरी जोडीवर. पॅच कॉर्ड आणि स्विचचा पोर्ट बदलला, ईईई (लिंकची वीज वाचवणारी सोय) बंद केलं; फरक शून्य. उरली भिंतीतली कॅट-६ केबल आणि पॅच पॅनेल (भिंतीतल्या केबल जिथे येऊन जोडतात ती पट्टी). साधा टेस्टर आठही दिवे लावून मोकळा होतो, ढिलं पंचिंग (तार पॅनेलच्या खाचेत घट्ट न बसणं) त्याला कळत नाही. आधी पॅनेल पुन्हा पंच करावं, की सर्व्हर लांब केबलने थेट स्विचला जोडून नेटवर्क कार्ड तपासावं? (स्पीड १०० वर बांधा, हे कृपया सुचवू नका, बॅकअप सकाळपर्यंत संपणार नाही.)