चौदा फुटी की साडेबारा फुटी? टूरिंग आणि हौशी शर्यत मिळून एकच सप बोर्ड

मांडवीकाठ

गोव्यातल्या नद्यांत लांब फेऱ्या मारायच्या आणि जमेल तेव्हा एखाद्या हौशी शर्यतीत उतरायचं, एवढ्यासाठी एकच सप बोर्ड (उभं राहून वल्हवायचा लांब फळा) घ्यायचा म्हटलं की ठरलेला सल्ला मिळतो: "स्थिर हवा ना? मग ३२ इंच रुंद घ्या." हा सल्ला मला मान्य नाही. ६५ ते ८० किलोच्या माणसाने १४ फूट लांब, २८ इंच रुंद, कडक बांधणीचा टूरिंग बोर्ड घ्यावा.

बोर्ड कलण्याला जो विरोध करतो तो रुंदीच्या घनाने वाढतो हे खरं, पण लांबीच्या प्रमाणातही वाढतो, हे कुणी सांगत नाही. हिशेब करा. २८ चा घन २१,९५२, गुणिले १४, म्हणजे ३,०७,३२८. २९ चा घन २४,३८९, गुणिले साडेबारा, म्हणजे ३,०४,८६२. दोन्ही बोर्ड एकाच पायरीवर. ज्याला ३२ शिवाय चैनच पडत नाही त्याच्यासाठी: १४ × ३० चा हिशेब साडेअकरा × ३२ च्या बरोबरीला येते. आणि वल्हं पाण्यात घालताना प्रत्येक बाजूला एक इंच कमी वाकावं लागतं, ते वेगळंच. दहा किलोमीटरच्या फेरीत तो एक इंच खांद्याला चांगला कळतो.

शर्यतीचं म्हणाल तर १४ फूट ही बहुतेक ठिकाणी कमाल लांबी. त्याहून आखूड आणला म्हणून कुणी सूट देत नाही.

सुकती_शापोरा

तुमच्या हिशेबात दोन्ही बोर्डांचा आकार एकसारखा धरलाय. प्रत्यक्षात १४ फुटीचं नाक बारीक, लांब आणि सुळकं असतं. पुढचे तीन-साडेतीन फूट लाटा कापायला असतात, तोल सावरायला त्यांचा उपयोग थोडाच. म्हणून कागदावर २९ च्या बरोबरीचा वाटणारा २८ इंची पाण्यात तसा राहत नाही.

आता वेगाकडे या. पाण्यातल्या लांबीवरून निघणारी वेगमर्यादा साडेबारा फुटीला साधारण ताशी ८.८ किलोमीटर आणि १४ फुटीला ९.३. फेरफटका मारणारा माणूस ताशी पाच-सहाने जातो. त्या वेगाला दोघांनाही अडवतं ते मुख्यतः पाण्याचं घर्षण, म्हणजे किती पृष्ठभाग भिजलाय ते. लांब बोर्ड जास्त भिजतो. मग सहाच्या वेगाला १४ फुटी घेऊन नेमकं काय कमावलं?

शिवाय १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. आपल्याकडच्या छोट्या गाड्या चार मीटरच्या आत. बोर्ड गाडीपेक्षाही लांब, टोकं पुढे-मागे बाहेर, नाकाला वेगळी दोरी बांधायची, फेरीबोटीवर चढताना मागच्या स्कूटरवाल्याला जपायचं. साडेबारा फुटी ३.८१ मीटरचा, गाडीच्या मापात बसतो. खारफुटीच्या अरुंद खाडीत वळवायलाही तोच बरा. १४ फुटीला तिथे मागे सरकून, शेपूट दाबूनच वळवावं लागतं आणि २८ इंचीवर मागे सरकणं नवशिक्याला झेपत नाही.

माझं मत: साडेबारा × ३०.

मांडवीकाठ

वेगमर्यादा ही भिंत नसते, चढ असतो, आणि साडेबारा फुटीला तो आधी लागतो. हौशी शर्यतीत ताशी सात-साडेसातने जायचं म्हटलं की बोर्ड स्वतः उठवलेल्या लाटेशीच झगडायला लागतो. तुम्ही फेरफटक्याच्या वेगावर निकाल देताय, प्रश्न दोन्ही कामांचा आहे.

गाडीचं म्हणणं मान्य. नाकाची दोरी बांधायला चार मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

आडवारा

दोघेही लेबलावरचा आकडा धरून भांडताय. रुंदी *कुठे* आहे ते बघा.

मापपट्टी घ्या. शेपटापासून एक फूट पुढे रुंदी मोजा. मग पाय ठेवायची जागा, म्हणजे उचलायच्या खाचेच्या दोन्ही बाजू, तिथे मोजा. चौकोनी शेपटीच्या टूरिंग बोर्डाला शेपटाजवळ १८-१९ इंच सापडतात, निमुळत्या शेपटीच्या शर्यती बोर्डाला १४-१५. लेबलावर दोघांनाही २८ च लिहिलेलं. मागून लाट आली की पहिला जागेवर राहतो, दुसरा शेपूट हलवतो. फेरीबोटीची किंवा बार्जची लाट गोव्यात मागूनच जास्त येते, आणि माणूस समोर बघत असतो.

दुसरं, तुम्ही पाण्याच्या किती वर उभे आहात. माणूस, सामान, बोर्ड मिळून शंभर किलो धरले तर साडेबारा × ३० चा बोर्ड साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटर बुडतो. सहा इंच जाडीचा, म्हणजे १५ सेंटिमीटरचा, हवेचा (पंपाने फुगवायचा) बोर्ड घेतलात तर पाय पाण्यापासून दहा सेंटिमीटर वर. कडक बोर्डात उभं राहायची जागा खोलगट केलेली असेल तर तेच चार-पाच सेंटिमीटर. डेक पाच सेंटिमीटरने उतरला की अर्ध्या इंचाहून थोडी जास्तच रुंदी फुकटात मिळाल्यासारखं होतं. मात्र खोलगट डेकमध्ये पाणी साचतं, त्यामुळे निचऱ्याची भोकं पायाजवळ आहेत की कुठेतरी कोपऱ्यात, ते बघूनच पैसे द्या. साचलेलं पाणी ज्या बाजूला कलाल त्याच बाजूला धावतं.

तिसरं, वजन. बोर्ड तोच, माणूस जड, तर तो जास्त डगमगतो. ७० किलोच्या माणसाला २८ इंच जे देतात ते ९० किलोच्या माणसाला साधारण ३० इंच देतात. "२८ की ३०" ही चर्चा वजन न सांगता करणं व्यर्थ आहे. धागाकर्त्यांनी निदान वजन सांगितलंय, म्हणून त्यांच्या बाजूने एक गुण.

काणकोणचा_वारा

तिघेही कडक बोर्डावरच का अडकलात? तळपण, गालजीबाग, साळ या नद्यांची मुखं वाळूच्या दांड्यांनी भरलेली, आतल्या दगडांवर आणि खुंटांवर कालवं. कालवाची धार फायबरग्लासचा थर चिरते आणि पाणी आतल्या थर्माकोलमध्ये शिरतं. बाहेरून नखाएवढी चीर, आत स्पंज. हवेच्या बोर्डालाही ती धार लागू शकते, पण त्याचा पॅच घरी लावता येतो: पीव्हीसी घासून साफ करायचा, दोन्ही बाजूंना गोंद, थोडा सुकू द्यायचा, मग दाबून चोवीस तास ठेवायचा. बास.

वर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये १४ फुटी कुठे ठेवणार? प्रत्येकाकडे बाल्कांव (पुढचा ओटा) असलेलं घर नसतं. साडेबारा × ३० चा हवेचा बोर्ड पाठीवरच्या बॅगेत मावतो आणि पहिल्या दिवसापासून निर्धास्त उभं राहता येतं.

मांडवीकाठ

हवेच्या बोर्डाला माझा विरोध नाही, १५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) "भरला" म्हणण्याला आहे. हातपंपाचा काटा पहिले सहा-सात पीएसआय हलतच नाही, मग माणूस दमतो आणि बाराला थांबतो. ८० किलोच्या माणसाखाली तो बोर्ड मधे बसतो, नाक आणि शेपूट वर उचलतात, आणि प्रत्येक वल्ह्याला पाणी ढकलत जातो. मग वेग मिळत नाही म्हणून दोष लांबीला.

काणकोणचा_वारा

बरोबर, म्हणून भरायची पद्धत सांगतो. बोर्डावर लिहिलेली कमाल मर्यादा बघा. दुहेरी थराचे चांगले बोर्ड २० पर्यंत घेतात, त्यांना १८ तरी द्या. पंप दुहेरी चालीचा असेल तर दहानंतर एकेरीवर करा, नाहीतर कंबर जाईल. पंपातून येणारी हवा गरम असते. बोर्ड दहा मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा मोजा, अर्धा-एक पीएसआय उतरलेला दिसेल. तेवढा भरा.

उलट चूक जास्त महागात पडते. सकाळी २७ अंशांना १५ भरलेला बोर्ड दुपारी वाळूत पडून ६० अंशांवर गेला की आत १८ च्या पुढे दाब होतो. कमाल मर्यादेला टेकवून भरला असेल तर कडेचा जोड सुटतो. जेवायला बसताना तीन-चार पीएसआय सोडा आणि सावलीत उलटा ठेवा.

(गालजीबागेत उतरणाऱ्यांना: नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या अंड्यांचा काळ. बोर्ड वाळूवरून ओढू नका, उचलून न्या.)

आडवारा

कडक बोर्डवाल्यांनीही ऊन विसरू नये. झडप आपोआप हवा सोडणारी असेल तर काळजी नाही. स्क्रूची असेल तर गाडीच्या टपावर आणि उन्हात उघडी, पाण्यात बंद. उघडी विसरलात तर पाणी आत, बंद विसरलात तर डेकवर फुगवटा. पत्र्याच्या छपराखाली काळ्या कव्हरात ठेवलेल्या बोर्डाचं काय होतं ते सांगायला नको.

सुकती_शापोरा

वाऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि माझ्या मते गोव्यात निवड तिथेच होते. नोव्हेंबर ते मे पहाटेचा मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) वारा हलका, अकरा-साडेअकरानंतर वायव्येकडून खारा (समुद्राकडून येणारा) वारा, दुपारी दहा-बारा नॉट (ताशी सागरी मैल) सहज. मिरामारपासून रायबंदरपर्यंत मांडवीत हा वारा नदीत वर शिरतो. त्याच वेळी उधाणाची ओहोटी बाहेर निघत असेल तर पाणी आणि वारा समोरासमोर. आखूड, उभ्या लाटा उठतात. लांब बोर्डाचं नाक तिथे एका लाटेवर आणि शेपूट दुसऱ्या. बाजूने वारा लागला की १४ फुटीचं नाक फिरतं आणि माणूस अर्धा तास एकाच बाजूने वल्हवत बसतो. म्हणून पुन्हा म्हणतो, साडेबारा × ३०.

आडवारा

त्याला आधी उपाय वेळापत्रकाचा, मग बोर्डाचा. पहाटेची ओहोटी धरून खाली जा, भरती लागली की वारा पाठीवर घेऊन परत या. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत प्रवाह नरम, उधाणात नेमकी वेळ पाळा. उधाणाच्या दिवशी उलट दिशेने अडकलात तर कुठल्याही मापाच्या बोर्डावर गुडघ्यावर बसूनच यावं लागतं.

नाक फिरतं त्याचं अर्धं कारण मात्र फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाचा मागचा पंख. मूळ आलेला आठ-नऊ इंची फिन खाचेत अगदी मागे सरकवा, सरळ रेषा धरतो. पुढे घेतलात तर लवकर वळतो.

काणकोणचा_वारा

आणि तो नऊ इंची फिन वाळूच्या दांड्यावर टेकला की बोर्ड थांबतो, माणूस पुढे जातो. तोंडावर. मुखाजवळ सहा-सात इंची, मागे झुकलेला फिन लावा. गवत, जाळ्याचा धागा, प्लास्टिक त्यावरून घसरून जातं. अरुंद बोर्ड असेल तर उंची कमी पण बूड रुंद असा घ्या, कारण फिनचं क्षेत्रफळ डगमग शमवतं. स्क्रू आणि पितळी चकती प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खाऱ्याने असे धरतात की काढताना खाच फुटते. एक जादा स्क्रू-चकती वल्ह्याच्या पिशवीत असू द्या.

सुकती_शापोरा

लीशबद्दल, म्हणजे माणसाला बोर्डाशी बांधणाऱ्या दोरीबद्दल, तरी सगळ्यांचं एकमत व्हावं. समुद्राच्या फुटत्या लाटेत घोट्याला सरळ लीश. नदीत, जिथे प्रवाह आणि जाळ्यांचे खुंट, जेटीचे खांब, नांगरलेल्या बार्ज आहेत तिथे घोट्याला कधीच नाही. बोर्ड खुंटाच्या एका बाजूने आणि माणूस दुसऱ्या बाजूने गेला की प्रवाह दोरी ताणून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कमरेचा पट्टा, ओढताच सुटणारा, त्याला वेटोळी लीश. लाइफ जॅकेट अंगात, डेकवरच्या दोरीखाली नव्हे. खाजणाच्या (बांध घातलेल्या खाऱ्या शेताच्या) मानशीपासून, म्हणजे पाण्याच्या दारापासून, लांब राहा. दार उघडलं की पाणी आत ओढतं.

मांडवीकाठ

यात वाद नाही. बोर्डावर मात्र मी १४ × २८ वरच आहे, ८० किलोंपर्यंत. त्यापुढे १४ × ३०.

सुकती_शापोरा

आणि मी साडेबारा × ३० वर. ज्याला फक्त शर्यत जिंकायची त्याने तुमचा घ्यावा.

आडवारा

घेणाऱ्याने दोन्ही भाड्याने घेऊन एकाच सकाळी बघावेत, तेही आरशासारख्या पाण्यात नको. तिथे सगळेच बोर्ड स्थिर. फेरीबोट गेल्यावर तिची लाट येईपर्यंत थांबा आणि ती आडवी घ्या. मग पाय मागेपुढे करून उभे राहा, एक पाऊल मागे सरकून अर्धवर्तुळात वळा, आणि शेवटी तीनशे मीटर जोर लावून सरळ जा, दर बाजूला किती वल्ही बसतात ते मोजत. दहा-बारा बसली तर बोर्ड रेषा धरतोय. तीन-चारला बाजू बदलावी लागली तर आधी फिन मागे घ्या, मग बोर्डाला नावं ठेवा. पायाची बोटं डेक घट्ट पकडून बसली असतील आणि वीस मिनिटांनंतरही सैल होत नसतील, तर तो बोर्ड तुमच्या वजनाला एक इंच अरुंद आहे, कागदावरचा घन काहीही सांगो.

पडायचा सराव तेवढा कुंभारजुव्याच्या कालव्यात करू नका. तिथे मगरी आहेत.