नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून पार्किंगचा फ्यूज उडतो, बॅटरी उतरते आणि स्पीकरमधून शिट्टी येते

एमएच१२_हॅचबॅक

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास). कंपनीचा टू-डिन (दुप्पट उंचीच्या खाचेत बसणारा) स्टिरिओ काढून ९ इंची अँड्रॉइड सेट आणि रिव्हर्स कॅमेरा बाहेरच्या अॅक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतला. कंपनीच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीचा प्लग) थेट बसणारं किट न वापरता त्याने मूळ कपलर कापून वायरी पीळ मारून जोडल्यात, वर काळी टेप. कॅमेरा नंबर प्लेटच्या लाइटशेजारी भोक पाडून बसवलाय. त्यानंतरच्या तक्रारी:

१. लाइटचा स्विच पार्किंगवर फिरवला की १० अँपचा फ्यूज लगेच उडतो. टेल लाइट, नंबर प्लेट आणि डॅशबोर्डचे दिवे बंद. हेडलाइट व्यवस्थित लागतात.

२. गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. चार्ज करून ठेवली तर बॅटरीवर १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे अल्टरनेटर ठीक धरतोय. चावी काढली तरी स्क्रीन चालूच राहते, पॉवर बटण दाबून काळी करावी लागते.

३. स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, अॅक्सिलरेटर दाबला की चढत जाते. एफएमही आधीपेक्षा कमी पकडतं.

४. रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा आपोआप दिसत नाही, स्क्रीनवरचा आयकॉन दाबावा लागतो.

मल्टिमीटर आहे, वापरता येतो. सुरुवात कुठून करू? दुकानदार म्हणतो २० अँपचा फ्यूज टाका, उडणार नाही.

वायरमन_सातारा

२० अँपचा फ्यूज अजिबात टाकू नका. पार्किंग सर्किटच्या वायरी बारीक असतात. फ्यूज टिकला तर शॉर्टचा करंट वायरीतून वाहणार, तिचं प्लॅस्टिक वितळणार, आणि तेही डॅशबोर्डच्या आत शेजारच्या वायरींना चिकटून. १० चा फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय.

या सर्किटवर तुमच्या गाडीत दोन ठिकाणी हात लागलाय, म्हणून संशयही दोनच. पहिला, स्टिरिओमागची इल्युमिनेशनची (बटणांच्या उजेडाची) वायर. पार्किंग लावलं की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि सेटची केशरी वायर ते ओळखून स्क्रीन मंद करते, एवढंच तिचं काम. कपलर कापल्यावर ही वायर उघडी राहून डॅशच्या लोखंडी पट्टीला टेकते, किंवा कुणी तिला काळ्या वायरीत पीळ मारून टाकतं. काही गाड्यांत इल्युमिनेशनच्या दोन वायरी येतात, एक प्लस आणि एक डिमरमधून आलेली मायनस. त्या मायनसलाच अर्थिंगची (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस) वायर समजून सेटची काळी जोडली तर फ्यूज उडत नाही, पण गाण्याच्या ठेक्याबरोबर डॅशबोर्डच्या मीटरचे दिवे लुकलुकतात आणि आवाज वाढवला की सेट रीस्टार्ट होतो. तुमच्याकडे ते दिसत नाही.

दुसरा संशय डिक्कीचा, आणि मला तोच जास्त वाटतो. नंबर प्लेटचा दिवा याच फ्यूजवर आहे. तिथे भोक पाडून कॅमेऱ्याची पट्टी आवळताना स्क्रूखाली वायर चेपते. डिक्कीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून कॅमेऱ्याची वायर ओढताना आतल्या जुन्या वायरी सोलतात, तेही बघा.

मल्टिमीटरची कंटिन्युइटीची बीप (वायर जोडलेली असली की वाजते ती) इथे फसवते. ५ वॉटच्या बल्बची फिलामेंट थंड असताना दोन-तीन ओहमच दाखवते. असे पाच-सहा बल्ब समांतर, म्हणजे सगळं ठीक असतानाही मीटर ओरडणार. त्यापेक्षा हे करा. जुना हेडलाइटचा बल्ब घ्या, त्याची ५५ वॉटची लो बीमची फिलामेंट वापरा. तिला दोन वायरी जोडून पुढे स्पेड (चपट्या) पिना लावा आणि फ्यूजच्या जागी त्या खोचा. आता पार्किंग लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल. करंट साडेचार-पाच अँपच्या आत राहील, त्यामुळे वायर जळणार नाही आणि एकही फ्यूज वाया जाणार नाही. शॉर्ट सुटला की बल्ब एकदम लालसर मंद होईल आणि पार्किंगचे दिवे लागतील. बल्ब प्रचंड तापतो, सीटवर किंवा कार्पेटवर ठेवू नका.

बल्ब पेटलेला ठेवून आधी स्टिरिओचा मागचा कपलर काढा. फरक पडला नाही तर कपलरच्या गाडीकडच्या बाजूची टेप सोडून वायरी एकमेकींपासून लांब करा. तरीही तसाच असेल तर डिक्की उघडा, कॅमेऱ्याचे स्क्रू सैल करा, नंबर प्लेटच्या दिव्याचा कपलर काढा. ज्या क्षणी बल्ब मंद होईल, तिथेच दोष.

बारा_व्होल्ट

बॅटरीचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. चावी काढल्यावर स्क्रीन चालू राहते, म्हणजे सेटची लाल आणि पिवळी दोन्ही कायम चालू असलेल्या १२ व्होल्टवर आहेत. पिवळी कायमचीच हवी, मेमरी तिच्यावर असते. लाल मात्र एसीसीवर (चावी फिरवल्यावरच चालू होणारी लाइन) हवी, चावी काढली की तिच्यात शून्य व्होल्ट झाले पाहिजेत. सेटला लालमध्ये व्होल्टेज दिसतंय तोवर त्याच्या लेखी गाडी चालू आहे. बटणाने फक्त पडद्याचा उजेड जातो, आतला प्रोसेसर आणि अॅम्प्लिफायर जागेच राहतात.

(या दोन वायरी उलट लागल्या तर लक्षण वेगळं: चावी काढली की सेट बंद होतो, पण प्रत्येक वेळी नव्याने बूट होतो आणि ठेवलेली स्टेशनं पुसली जातात. तुमचं तसं नाही.)

लाल हलवण्याआधी एकदा मोजून घ्या. मीटरचा लाल प्रोब १० अँपच्या भोकात घाला. मिलिअँपच्या भोकात घालाल तर मीटरचाच फ्यूज जाईल. बॉनेट उघडं, खिडकी खाली. चावी काढून ठेवा आणि स्क्रीन रोजच्यासारखी बटणाने काळी करा. दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते बंद केल्याचं भासवा, म्हणजे आतला दिवा विझेल. बॅटरीची मायनस क्लॅम्प काढा, क्लॅम्प आणि मायनस पोल यांच्यामध्ये मीटर. जोडणी तुटल्यामुळे सेट पुन्हा बूट होईल, तो नीट सुरू झाला की स्क्रीन परत काळी करा. मीटर लागलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही. गाडीचे मोड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे डबे) झोपायला वेळ घेतात, म्हणून अर्धा तास थांबून आकडा वाचा. ५० मिलिअँपच्या आत असेल तर ठीक.

त्यानंतर एकेक फ्यूज ओढत बसण्याची गरज नाही. फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजा. १० अँपच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असतो, म्हणजे ३ मिलिव्होल्ट दिसले तर त्यातून सुमारे ४०० मिलिअँप जातायत. फ्यूज जागेवरच राहतो, त्यामुळे झोपलेलं मोड्यूल जागं होत नाही.

मापं इथे टाका.

वायरमन_सातारा

एक राहिलं. मधल्या पॅनेलमागे पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मीटरही नाही. पॅनेल सोडण्याआधी बॅटरीची मायनस काढून काही मिनिटं थांबा. आणि पॅनेलचे कपलर सुटलेले असताना इग्निशन ऑन करू नका. एअरबॅगचा दिवा लागला की फॉल्ट मेमरीत बसतो आणि बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही.

एमएच१२_हॅचबॅक

बल्ब लावून पाहिलं. स्टिरिओचा कपलर काढूनही बल्ब तसाच झगझगीत, वायरी लांब केल्या तरी फरक नाही. डिक्कीत कॅमेऱ्याच्या पट्टीचा डावा स्क्रू दोन आटे सैल करताच मंद झाला. स्क्रू नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरीत आरपार घुसला होता. तेवढी वायर कापून सोल्डर केली, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली, स्क्रू आखूड घातला. १० चा फ्यूज आता टिकतोय, सगळे दिवे लागले.

करंट: स्क्रीन काळी करून अर्ध्या तासाने ०.४७ अँप. सेटच्या मागचा फ्यूज काढल्यावर ०.१४. मग लाल वायर सिगारेट लायटरच्या एसीसीवर घेतली. आता चावी काढली की स्क्रीन आपोआप जाते, पण करंट अजून ०.१५ आहे. सेट झोपत नाहीये का?

बारा_व्होल्ट

सेट झोपतोय. तुमचेच आकडे बघा. सेटचा फ्यूज पूर्ण काढला तेव्हाही ०.१४ होते, आणि आता फ्यूज असताना ०.१५. म्हणजे सेटचा वाटा १० मिलिअँपचा, उरलेलं सगळं सेटच्या फ्यूजच्या आधीच कुठेतरी जातंय. पिवळ्या वायरीला अजून काय जोडलंय ते शोधा. मी पैज लावून सांगतो, कॅमेरा. तुमची चौथी तक्रार हेच सांगते.

कॅमेऱ्याच्या व्हिडिओ केबलला दोन्ही टोकांना एक बारीक लाल वायर बाहेर आलेली असते. मागच्या टोकाची रिव्हर्सच्या दिव्याच्या प्लसवर जायला हवी, कॅमेऱ्याची पॉवरही तिथूनच. पुढच्या टोकाची सेटच्या 'बॅक' लिहिलेल्या वायरीला. रिव्हर्स टाकलं की दिव्याचे १२ व्होल्ट त्याच लाल वायरीतून पुढे येतात आणि सेट स्वतःहून कॅमेरा दाखवतो. मागे रिव्हर्सची वायर शोधायचा कंटाळा आला की पुढचं टोक पिवळीत पिळतात. मग कॅमेरा चोवीस तास चालू, आणि 'बॅक' लोंबकळत राहिल्याने सेटला रिव्हर्स कळतच नाही.

पिवळीतून ती लाल काढा, टोक झाकून ठेवा आणि करंट पुन्हा मोजा. साधारण ०.०२-०.०३ वर आला पाहिजे. मग वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही टोकं जोडा. रिव्हर्सच्या दिव्याची वायर शोधताना इग्निशन ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये. ज्या वायरीत तेव्हाच १२ व्होल्ट येतात ती तुमची.

०.४७ अँप म्हणजे दोन दिवसांत २२ एएचहून जास्त, ३५ च्या बॅटरीतून. सेल्फ न मारणं साहजिकच होतं. इतकी खोल उतरलेली बॅटरी शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी भरत नाही. बाहेर काढून साडेतीन अँपच्या आसपास दहा-बारा तास चार्ज करा, रात्रभर ठेवून मोजा. १२.६ च्या जवळ टिकली नाही तर लोड टेस्ट करून घ्या, बॅटरीतल्या प्लेटींवर सल्फेट बसलं असेल.

आवाजी

शिट्टीचं मी सांगतो. इंजिनबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर), आणि दहापैकी आठ वेळा कारण सेटची काळी, म्हणजे अर्थिंगची वायर. इंजिन चालू, गाणं नेहमीच्या आवाजात. मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब सेटच्या लोखंडी डब्यावर, दुसरा थेट बॅटरीच्या मायनस पोलवर. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त दिसलं तर सेटला अर्थिंग पुरेसं मिळत नाही आणि तो अँटेनाच्या जाळीतून परतीचा रस्ता शोधतोय. खात्री करायची तर अँटेनाची पिन काढून ऐका. शिट्टी गेली किंवा बदलली तर निदान पक्कं.

काळी वायर पीळ-टेपवर ठेवू नका. डॅशमागच्या लोखंडी आडव्या बीमवर एखादा बोल्ट निवडा, त्याखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, क्रिंप केलेला (वायरीवर दाबून बसवलेला) गोल लग, म्हणजे भोकाची धातूची पट्टी, घालून घट्ट आवळा. वायर दीड स्क्वेअर मिलिमीटरची, जितकी आखूड तितकी बरी. पुढे वेगळा अॅम्प्लिफायर लावलात तर त्याचे आरसीए (आवाजाचा सिग्नल नेणारे) केबल पॉवरच्या वायरीच्या उलट बाजूने न्या.

आणखी एक, स्पीकरच्या मायनस वायरी कुठेही बॉडीला लागता कामा नयेत. या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सुमारे ६ व्होल्ट असतात. एखादी बॉडीला टेकली तर सेट प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर आतली आयसी (अॅम्प्लिफायरची चिप) कायमची जाते. कपलर कापलेलाच आहे तर आठही वायरी तपासून घ्या.

एफएम कमी पकडतंय कारण छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी बूस्टर (सिग्नल वाढवणारा) असतो आणि त्याला १२ व्होल्ट हवे असतात. मूळ कपलरमधली बूस्टरची वायर सेटच्या निळ्या वायरीला जोडा. पिवळीला जोडाल तर बूस्टरही रात्रंदिवस चालू राहील. निळी लावूनही खरखर राहिली तर लायटरमधला यूएसबी चार्जर काढून बघा. स्वस्त चार्जर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात भरपूर कचरा टाकतात.

एमएच१२_हॅचबॅक

कॅमेऱ्याची लाल पिवळीतच होती. काढल्यावर ०.०२. रिव्हर्सच्या दिव्यावर घेतली, 'बॅक'ला जोडली, आता गिअर टाकताच कॅमेरा येतो. डबा ते बॅटरी मायनस ०.३८ व्होल्ट होतं. बीमवर लग लावल्यावर ०.०३, शिट्टी बंद. निळी वायर टेपखाली दुमडून ठेवलेली सापडली, ती आज जोडतो. बाकीचे पीळ सोडून सगळीकडे सोल्डर आणि हीट श्रिंक करायचं आहे. वायरींच्या जुडग्यावर कुठली टेप गुंडाळू?

आवाजी

काळी पीव्हीसी नको, उन्हाळ्यात डिंक सुटून चिकट होते आणि निसटते. गाडीच्या हार्नेसवर असते ती कापडी टेप मिळते, तीच घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करा. सगळे जोड एकाच जागी आणू नका, दोन-दोन सेंटिमीटर मागेपुढे ठेवा, म्हणजे जुडगा फुगत नाही आणि सेट मागे टेकल्यावर जोड दाबले जात नाहीत.