कमोड बदलायचा आहे : भिंतीपासूनचे माप नेमके कुठवर धरावे?

औसा_रोड
नमस्कार. लातुरातील आमच्या जुन्या घरातील कमोडला तडा गेल्यामुळे तो काढून ठेवला आहे. खोली 36 इंच रुंद व 54 इंच खोल असून समोरच्या भिंतीतले 27 इंची दार आत उघडते. दुकानदार विचारतो, भिंतीपासून पाइपपर्यंतच्या मापाने नऊ इंची हवा की बारा इंची. गवंडी म्हणतो, आधी भांडे आणा, मग बघू. मागच्या भिंतीपासून फरशीतल्या पाइपच्या कडेपर्यंत मी टेप लावला तर माप 186 मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वासात इंच आले, जे दोन्हींत बसत नाही. भिंतींवर आहे त्याच टाइलवर नवी टाइल चढवायची आहे. आईच्या गुडघ्यांमुळे भारतीय बैठकीचा पर्याय नाही.

ओळंबा
माप कडेपर्यंत नव्हे, पाइपच्या मध्यापर्यंत धरतात. आपला पाइप 110 मिलिमीटरचा पीव्हीसी असेल, तर 186 मध्ये त्याचे निम्मे, म्हणजे 55 मिळवावेत, 241 होतात. नऊ इंची भांडे साधारण 228 मागते, तेव्हा आज ते बसते. बारा इंची मात्र बसणारच नाही, कारण भांड्याचे माप जागेपेक्षा कमी असले तर टाकीमागे फट राहते एवढेच, पण जास्त असले तर टाकी भिंतीला अडते आणि भांड्याचे तोंड पाइपवर येत नाही. नवी टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून 12 मिलिमीटर तरी खातील, ते वजा करून 229 उरतात. हिशेब इतका काठावर असल्याने टाकीच्या उंचीवरही माप घ्यावे. जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात.

पाइपचे तोंड उघडे असल्यास त्यात गोणपाटाचा बोळा बसवून ठेवावा. वास अडवणारे पाणी कमोडच्याच वळणात असते, ते आता गेले आहे. शिवाय टाइलकामाचा राडा आत पडला तर वेगळेच काम निघते. कमोड बसवण्यापूर्वी बोळा आठवणीने काढावा, हे सांगायला नको.

बोअरचे_पाणी
रुंदीची चिंता नाही, मध्यापासून दोन्ही बाजूंना 15 इंच मोकळे असले म्हणजे पुरते. अडचण दाराची आहे. दोन्ही भिंतींना टाइल लागल्यावर खोली 53 इंच उरेल, त्यात 28 इंच लांबीचे भांडे ठेवले की समोर 25 इंच राहतात आणि 27 इंची दार भांड्यावर आदळते. दार बाहेर उघडणारे करून घ्यावे. वयस्कर माणूस आत पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते, म्हणूनही माझा याबाबत आग्रह आहे.

दुसरे, 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे 3 आणि 6 लिटरची दोन बटणे असलेलीच टाकी घ्यावी. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी टाकीतला व्हॉल्व्ह धरतो, तेव्हा दुरुस्तीला टाकीचे पाणी बंद करायचा भिंतीवरचा नळ, म्हणजे अँगल कॉक, टाकीच्या मागे दडणार नाही अशा जागी आहे ना, तेही भांडे घेण्यापूर्वी मोजावे.

औसा_रोड
आभारी आहे. पाइप 110 चाच निघाला, परंतु ओळंबा धरला तेव्हा टाकीच्या उंचीवर भिंत 6 मिलिमीटर आत झुकलेली आढळली. म्हणजे टाइल चढवल्यावर तिथे 223 च उरतात.

ओळंबा
मग त्या एका भिंतीची जुनी टाइल काढून प्लास्टर ओळंब्यात घ्यावे आणि त्यावर नवी लावावी. बाकीच्या भिंतींवर जुन्यावरच चढवायला हरकत नाही. ते काम झाल्यावर पुन्हा मोजावे आणि मगच नऊ इंची भांड्याचे पैसे द्यावेत.