मदत हवी आहे: इन्युइट शिल्पाच्या तळाची सही कशी वाचायची?

नमस्कार मंडळी,

मी मॉन्ट्रिअलला असते. आमच्या जुन्या घरमालकीणबाईंनी घर आवरताना त्यांच्याकडचं एक इन्युइट (कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागातले मूळ रहिवासी) शिल्प मला दिलं. दिवाळीत ते पेणला बाबांसाठी न्यायचं आहे. ते आयुष्यभर गणपती घडवत आलेत, त्यामुळे हातात घेतल्या घेतल्या "कोणी केलंय?" हेच विचारणार.

शिल्प वीतभर लांब, राखाडी दगडाचं, वरून काळं केलेलं. नारव्हालच्या (लांब, पिळाच्या सुळ्याचा उत्तर ध्रुवाकडचा व्हेल) पाठीतून कमरेपर्यंत एक बाई वर आली आहे आणि तिची वेणी पिळत पिळत पुढे सुळ्यासारखी गेली आहे. पिळाच्या खाचा डोक्याजवळ रुंद आहेत, टोकाकडे इतक्या बारीक की नखालाच कळतात.

ही लुमाकची गोष्ट, म्हणजे एक इन्युइट लोककथा, एवढं नक्की. आंधळ्या मुलाच्या बाणाने अस्वल मरतं, पण आई त्याला सांगते की नेम चुकला, आणि मांस स्वतः खाते. पुढे लून पक्षी त्याला घेऊन तळ्यात बुड्या मारतो आणि त्याची दृष्टी परत येते. मग व्हेलच्या शिकारीत मुलगा भाल्याची दोरी आईच्या कमरेला बांधतो. ती समुद्रात ओढली जाते, केसांना पीळ पडतो आणि तिचाच नारव्हाल होतो. ज्याने हे कोरलं त्याने बाईचा चेहरा दुष्ट केलेला नाही, घाबरलेला केलाय. मला ते फार भिडलं.

तळाशी इन्युक्टिटुट या इन्युइट भाषेच्या लिपीतली चार अक्षरं आणि ई-९ ने सुरू होणारा आकडा आहे. १९४० च्या दशकापासून कॅनडा सरकारने इन्युइट लोकांना नंबरांचे बिल्ले दिले होते, कारण अधिकाऱ्यांना त्यांची नावं झेपत नव्हती. हा तोच नंबर. माणसाची ओळख अशी आकड्यावर आणणं संतापजनक आहे, म्हणूनच मला नाव हवंय. ई-९ म्हणजे उत्तर क्वेबेक. तिथल्या पुव्हिर्निटुक गावचे डेव्हिडिआलुक अलासुआ अमिट्टू (१९१०–१९७६) ही गोष्ट कोरत, पण तेवढ्यावरून हे त्यांचं म्हणता येत नाही.

आकड्यावरून नाव शोधायला कोणाकडे विचारावं? विनिपेगच्या कौमाजुक संग्रहालयाला फोटो पाठवून कोणाला उत्तर मिळालंय का? आणि ही लिपी वाचणारं कोणी इथे आहे का?

दुसरी अडचण तातडीची आहे. वेणीच्या टोकाला पांढरा तुकडा बसवलाय. कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, म्हणून कॅरिबूचं (उत्तरेकडचं रेनडिअर) शिंग असावं असं वाटतं. पण तो नारव्हालचा दात निघाला तर कॅनडातून बाहेर न्यायला साइट्सचा (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागेल. दगडाला किंवा तुकड्याला इजा न करता हे कसं ओळखतात? गरम सुई वगैरे मी लावणार नाही.

तिकीट काढायचं थांबवलंय. तळाचे आणि टोकाचे फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.