मदत हवी आहे: डीआरडीओसोबत काम सुरू करायचंय, पहिलं दार कोणतं ठोठावू?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) यंत्रं आणि आठ माणसं. एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या सरांसोबत वर्षभर खपून उष्णता झेलणारं सील बनवलंय. तळहाताएवढी काळी चकती. भट्टीतून लाल होऊन निघाली तरी कडेला चीर नाही. ती हातात घेतली की अजून ऊर भरून येतो.

आत्तापर्यंत कळलं ते असं. डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या, टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंडातून प्रकल्पखर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत, कमाल 50 कोटी अनुदान मिळतं आणि कॉलेजलाही सोबत घेता येतं. पण तिथे सैन्यदलं, डीआरडीओ यांच्या गरजेतून निघालेल्या विषयांवर प्रस्ताव मागवतात. आपली तयार वस्तू घेऊन जायचं तर आयडेक्सचं (संरक्षण मंत्रालयाची स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांसाठीची योजना) ओपन चॅलेंज बरं, असं माझं मत झालंय. तिसरा मार्ग तंत्रज्ञान हस्तांतरणाचा, त्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं तंत्र घेऊन आपण उत्पादन करायचं. ते आमच्या कामाचं नाही.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. फंडातल्या कामाचे हक्क डीआरडीओसोबत संयुक्त राहतात, मग कॉलेजशी करार आधी करावा का? उरलेले 10 टक्के कसे उभे केलेत? आणि चाचणीसाठी प्रयोगशाळेची सोय मिळवायला अर्ज कुणाच्या नावे करायचा? एका सल्लागाराने कागद न दाखवताच आगाऊ रक्कम मागितली, म्हणून अनुभवी माणसाचाच शब्द हवाय. सातपूर, ओझरकडच्या कुणाला वेळ असेल तर चकती घेऊन मीच येईन.