पसारा कमी करताना नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

कवडसा
आज कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुना फोटोंचा अल्बम निघाला, चिकट पानांचा. फोटो पानांना असे धरून बसलेत की सुटता सुटत नाहीत. त्यावरून हा धागा. "नको ते टाकून द्या" हे सगळ्यांना माहीत आहे. कसं, किती, कुठे चुकतं ते लिहा.

माझ्याकडून आधी एक. कपाट उघडण्याआधी कागद घ्या आणि लिहा, मोकळा झालेला वेळ कशाला द्यायचा? रियाज, झोप, मुलांबरोबरची संध्याकाळ, काहीही, पण एकच. आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप म्हणजे ५६ गेले. काम आणि जाणं-येणं मिळून ५० धरा. उरले ६२, आणि त्यातच स्वयंपाक, केरवारे, आंघोळी, आजारपणं. म्हणून त्या एका गोष्टीचा वार आणि वेळ आधी ठरवून टाका. नाहीतर घर लख्ख होतं आणि सुटलेला तास फोनच्या घशात जातो.

मग एकच खण. पूर्ण रिकामा करून चादरीवर ओता. भरल्या खणात हात घालून निवडत बसलं की वस्तू फक्त डावीकडच्या उजवीकडे होतात. ढीग तीन: राहणार, जाणार, दुसऱ्या खोलीतलं. "बघू नंतर" असा चौथा ढीग केलात तर अर्धा खण त्यातच जातो. आणि नवे डबे, ट्रे आधी आणू नका हो. डबा आला की तो भरावासा वाटतोच.

शाईपेन
चौथा ढीग अगदीच टाळता येत नसेल तर एक खोका, चिकटपट्टीने बंद, वर फक्त ६ महिन्यांनंतरची तारीख. आत काय आहे याची यादी करू नका. यादी वाचली की प्रत्येक वस्तू परत हवीशी वाटते. कागदपत्रं, किल्ल्या आणि फोटो मात्र या खोक्यात कधीच नाहीत.

रानवाट
कवडसा, फोटो ओढू नकोस!! दात साफ करायचा दोरा घे, बिनमेणाचा. फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकव आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे ने. फोटो सपाटच राहू दे, पान खाली वाकव. फोटो वाकला की वरच्या थराला भेगा जातात आणि त्या परत बुजत नाहीत. मध्येच अडला तर जोर लावू नकोस, अख्खं पान तसंच स्कॅन कर. सुरुवात करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, कोणाशेजारी कोण होतं ते नंतर आठवत नाही. नावं मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

तिसरी घंटा
+१. स्कॅन केलेल्याच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. मूळ फोटो त्यानंतरही टाकू नका.

पाटीपेन्सिल
कागदांवर कुणीच बोललं नाही. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात. शाई नसतेच, उष्णतेने कागदच काळा होतो. म्हणून ऊन, गरम जागा आणि पीव्हीसीचं पारदर्शक पाकीट, तिन्हींनी अक्षरं उडतात. वॉरंटीची पावती पाकिटात जपून ठेवायची आणि दोन वर्षांनी कोरा कागद हातात. आणल्या दिवशीच फोटो काढा, फाइलच्या नावात वस्तू आणि वॉरंटी संपायची तारीख घाला.

उंबरा
मी फोनवाली. घाईत लिहितेय, गॅसवर दूध आहे.
ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही! पैसे कापणं चालूच राहतं. आधी फोनच्या खात्यात जाऊन सदस्यत्वांची यादी उघडा, तिथे रद्द करा, मग ॲप काढा.
नोटिफिकेशन एकेक बंद करत बसू नका. सगळ्यांची बंद करा आणि मग जिथून जिवंत माणूस बोलतो तेवढ्याच चालू करा.
जुना नंबर बंद करायचाय? त्याआधी बँक, ईमेल, सगळीकडे नवा नंबर नोंदवा. ओटीपी जुन्यावर जात राहिला तर स्वतःच्याच खात्याबाहेर बसावं लागतं.

शाईपेन
दूध उतू गेलं का? 😀
जुना फोन देताना त्यातून आपलं खातं आधी बाहेर काढा, मग रीसेट. उलट केलं तर घेणाऱ्याला तो आपला पासवर्ड मागत बसतो.

उंबरा
वाचलं दूध.

घडीव
अवांतर: वायरींचा खण. सारख्या दिसणाऱ्या दोन यूएसबी केबलींपैकी एक नुसती चार्जिंगची असू शकते, तिच्यातून फाइली जातच नाहीत. प्रत्येक केबल एकदा लावून बघा, चालली ती कागदी पट्टी लावून ठेवा. त्या खणात फुगलेली बॅटरी निघाली तर दाबू नका, टोचू नका, चार्ज तर अजिबात नको. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांना "फुगली आहे" असं सांगून द्या. घरच्या कचऱ्यात टाकली तर कचऱ्याच्या गाडीत चेपून पेट घेते.

सावली
घरातलं माणूस नुकतंच गेलं असेल तर कपाट उघडायची घाई करू नका. कागद तेवढे आधी बाजूला काढा: ओळखपत्रं, बँक, विमा, घराचे. पुस्तकांची पानं उलटून बघा, कोटांचे आतले खिसे चाचपा. कपडे राहू देत. आणि घरात चौघं असतील तर चौघांना विचारल्याशिवाय एकही वस्तू बाहेर जाऊ नये. न विचारता टाकलेल्या एका डायरीने वर्षभराचा अबोला होतो.

रानवाट
सावली, खूप गरजेचं लिहिलंस. जपा.

तिसरी घंटा
वस्तूंपेक्षा "हो" म्हणून बसलेली कामं जास्त जागा खातात. नवीन कामाला जागच्या जागी उत्तर नको, "परवापर्यंत कळवतो" म्हणा आणि परवा खरंच कळवा. नकार एका वाक्यात. कारणं जोडली की समोरचा एकेक कारण सोडवायला लागतो. "सध्या व्यस्त आहे" तर नकोच, महिन्याने परत विचारणा येते.
चालू काम सोडताना शेवटची तारीख, अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादी, किल्ल्या, पासवर्ड हे सगळं एकदम द्या. एक जरी आपल्याकडे राहिलं तरी फोन येत राहतात.

कवडसा
सगळं वहीत उतरवतेय. रानवाट, घरात मेण लावलेलाच दोरा आहे, तो चालेल का?

रानवाट
नको, मेण फोटोच्या पाठीला लागतं. साधा बारीक शिवणाचा दोरा घे, तुटला तर तुटला. आणि आधी सगळ्यात कमी महत्त्वाच्या पानावर करून बघ.