मदत हवी आहे: करारनामा नोंदला, कर्ज मंजूर, पण बँक चेक सोडत नाही. मुदत संपत आली

घरघर:

वडगाव बुद्रुकला रीसेल फ्लॅट घेतोय, ७८ लाखांना. ५५ लाखांचं सँक्शन लेटर हातात आल्यावरच करारनामा केला. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे महिलांची एक टक्क्याची सवलत नाही. सात टक्क्यांनी ५ लाख ४६ हजार मुद्रांक आणि वर ३० हजार नोंदणी फी. आमच्या वाट्याचे २३ लाखही टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे सरकारकडे भरायचा कर) कापून देऊन झाले. आता उरलंय ते फक्त बँकेचं.

आणि तिथेच घोडं अडलंय. मंजुरीच्या वेळी झेरॉक्सवर सगळं चाललं. आता डिस्बर्समेंटच्या, म्हणजे कर्जाची रक्कम सोडण्याच्या तोंडावर बँकेचे वकील म्हणतात, बिल्डरने पहिल्या मालकाला २००४ साली करून दिलेला करारनामा आणि त्याची नोंदणी पावती ओरिजिनल हवी. विकणाऱ्या काकांनी २०१२ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतला, त्यावर त्यांचंही कर्ज होतं, ते गेल्या वर्षी फिटलं. त्यांच्याकडच्या फाइलमध्ये २०१२ चं सगळं ओरिजिनल आहे, २००४ ची मात्र झेरॉक्सच. त्यांचं म्हणणं, "मला बँकेने परत दिलं ते हेच."

करारात लिहिलंय की ४५ दिवसांत उरलेली रक्कम दिली नाही तर २ लाख जप्त आणि व्यवहार रद्द करण्याचा अधिकार विकणाऱ्याला. ती तारीख पुढच्या आठवड्यात आहे. काका माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांनी बावधनला नवा फ्लॅट बुक केलाय, बिल्डरचं डिमांड लेटर आलंय आणि ते आमच्याच पैशांवर अवलंबून आहेत. इकडे आमच्या घरमालकांना नवीन भाडेकरू मिळालेत. ज्या एजंटमार्फत कर्जाची फाइल टाकली तो रोज "होऊन जाईल सर, फाइल वर गेलीय" एवढंच सांगतो. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नसावं.

दुसऱ्या बँकेत अर्ज करू का? तात्पुरते पैसे उभे करून काकांना थोडे देऊ का? आणि आमची काहीही चूक नसताना २ लाख खरंच जाऊ शकतात का? बायकोची झोप उडालीय, माझीही.

दस्तवाला:

वकील नाही, पण नोंदणीच्या कामात आयुष्य गेलंय.

बँक जरा बाजूला ठेवा. तिला तुमच्या तारखेशी काही देणंघेणं नाही, तारीख काकांच्या हातात आहे. आजच त्यांच्याकडे जाऊन मुदतवाढ लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, बघू" नको. ५०० च्या स्टँपवर पुरवणी करार करा: मूळ करारनाम्याचा दस्त क्रमांक, जुनी तारीख, नवी तारीख, बाकी सगळ्या अटी कायम, विकणारे आणि घेणारे सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. उशिराचं कारणही त्यात लिहा: विकणाऱ्याकडून मिळायचा २००४ चा मूळ दस्त उपलब्ध नाही म्हणून. कागद काकांच्या बाजूचा कमी आहे हे त्यांच्याच सहीनिशी नोंदलं गेलं की २ लाखांच्या कलमातली हवा जाते.

तसंही नोंदवलेला करारनामा विकणारा एकटा जाऊन रद्द करू शकत नाही. रद्दलेख दोघांनी मिळून नोंदवावा लागतो, नाहीतर कोर्ट. म्हणून घाबरू नका, पण भांडूही नका. तुम्हाला त्यांच्या सह्या अजून बऱ्याच ठिकाणी लागणार आहेत.

पेठेतली_सून:

आमचंही असंच अडकलं होतं, म्हणून लिहिते. काकांनी कर्ज घेतलं तेव्हा त्यांच्या बँकेने ताब्यात घेतलेल्या कागदांची यादी दिली असेल, एलओडी म्हणतात तिला. ती यादी शोधायला लावा. त्यात २००४ चा करारनामा ओरिजिनल म्हणून असेल तर तो त्यांच्या बँकेकडे राहिलाय.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासूनचा: कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत करायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नक्कल मिळवून द्यायला मदत करायची आणि खर्चही बँकेनेच सोसायचा. काकांचं कर्ज गेल्या वर्षी फिटलंय म्हणजे हे त्यांना लागू आहे. अर्ज मात्र त्यांनाच करावा लागेल, तुम्हाला तिथे कोणी उभं करणार नाही. अर्जात ५,००० चा उल्लेख घालायला सांगा, कपाटं लवकर उघडतात.

मुठेकाठचा:

दुसरी बँक? मुळीच नको. तिथे पुन्हा प्रोसेसिंग फी, पुन्हा व्हॅल्युएशन, पुन्हा लीगल, सिबिलवर आणखी एक एन्क्वायरी, आणि शेवटी त्यांचाही वकील तोच २००४ चा कागद मागणार.

त्यापेक्षा बँकेकडून हे लेखी घ्या की नेमकी कुठली क्वेरी बाकी आहे आणि ओरिजिनल नाहीच मिळालं तर पर्याय काय चालेल. एजंटला विचारू नका. शाखेच्या मॅनेजरला ईमेल करा, कर्ज विभागाच्या प्रमुखाला सीसी ठेवा. बहुतेक बँका दुय्यम निबंधकाकडची प्रमाणित नक्कल, पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि विकणाऱ्याचं हमीपत्र एवढ्यावर तयार होतात. पण कुठल्या पेपरात, किती दिवसांच्या हरकतीची नोटीस, हे त्यांच्या वकिलाकडून आधी ठरवून घ्या. नाहीतर ७ दिवसांची नोटीस छापाल आणि ते १५ म्हणतील. नकलेचा अर्ज मात्र उद्याच टाका, ती कुठल्याही वाटेने लागणारच. पहिल्या मालकाला एक फोन करून बघा, कधीकधी कागद त्यांच्याच माळ्यावर असतो.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचा सल्ला कोणी देईल. जा जरूर, पण आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं. पुढच्या आठवड्यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

घरघर:

सगळ्यांचे आभार. काकांकडे जाऊन आलो. यादी सापडली! त्यात २००४ चा करारनामा "मूळ" म्हणून स्पष्ट लिहिलाय. काकूंनी लगेच काकांना आमच्यादेखत झापलं, तो भाग सोडून देतो. अर्ज उद्या देतायत.

मुदतवाढीला तयार आहेत, पण बावधनचा बिल्डर उशिरावर व्याज लावेल ते कोणी भरायचं म्हणतात. आणि ५ लाख तरी आत्ता द्या, असंही.

दस्तवाला:

व्याजाची मागणी गैर नाही, पण आकडा बांधून घ्या. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) नियमात स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के हा दर आहे. समजा वर्षाला ११ टक्के धरले, तर अख्ख्या ५५ लाखांवरही दिवसाला साधारण १,६५० रुपये होतात. काकांचा हप्ता बहुधा त्याहून लहान असेल. कागद त्यांच्याच बाजूने अडकलाय, तेव्हा मी असतो तर निम्म्यावर तोडलं असतं, तेही बिल्डरने खरोखर लावलं तरच, पावती बघून.

५ लाखांचं मात्र आधी बँकेला विचारा. तुम्ही परस्पर दिले तर तेवढं कर्ज कमी सोडतील, कारण बँक पैसे विकणाऱ्याच्या नावे देते, तुम्हाला परत देत नाही. द्यायचेच झाले तर खात्यातून द्या, रोख अजिबात नको. एक टक्का टीडीएस त्यावरही कापा आणि महिना संपल्यापासून ३० दिवसांत त्याचा ऑनलाइन फॉर्म भरा. घेणारे तुम्ही दोघं आहात, म्हणजे फॉर्म वेगवेगळे.

पेठेतली_सून:

५ लाखांसाठी सोनं ठेवणार असाल तर थांबा. आधी पुरवणी करारावर सही, मग पैशांचं बोलणं. आणि भाड्याच्या घराचं काय झालं? आमच्या वेळी नव्या भाडेकरूंशीच थेट बोललो. त्यांनाही शाळा सुरू व्हायच्या आधीच यायचं होतं, पंधरा दिवस सहज थांबले.

घरघर:

ते सुचलंच नव्हतं, आज संध्याकाळी फोन करतो. शेवटची शंका: पुरवणी करार नोंदवावा लागेल, की नोटरी पुरे?

दस्तवाला:

फक्त मुदत वाढवायची असेल तर बऱ्याच जणांचं नोटरीवर भागतं. पण तुमच्या बँकेला तो कागद फाइलमध्ये लागणार, तेव्हा मसुदा त्यांच्या वकिलाला आधी पाठवा आणि "नोंदणीकृत हवा का" हे त्याच ईमेलमध्ये विचारा. हवा म्हणाले तर हवेलीची वेळ ऑनलाइन घेऊन टाका, आणि काका-काकू दोघांनाही मूळ आधार कार्ड घेऊन यायला सांगा.